घरातल्या कुंड्यांना घरचंच खत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे, दोन खिडक्यांची ग्रीलं आणि एक छोटी गॅलरी, त्यात मिळून चाळीसेक कुंड्या. गेली चौदा वर्षं ह्या कुंड्यांना मी स्वयंपाकघरातलंच खायला घालतेय. सोसायटीतल्या बायका, ऑफिसमधली मंडळी, माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या वहिन्या, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाच बसून नीट लिहून काढले. स्वतः करून बघितलंय आणि का होतं ते कळलंय, तेवढंच लिहिलंय.

सगळ्यात आधी काय लक्षात ठेवू?

कुजवून घाला. कच्चं घालू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे एवढं धरून ठेवा.

झाडाला केळ्याचं साल खाता येत नाही. मुळं फक्त पाण्यात विरघळलेले क्षार ओढून घेतात, त्यामुळे सालीतलं, चोथ्यातलं, पेंडीतलं जे काही आहे ते आधी मातीतल्या जिवाणूंनी आणि बुरशीनं फोडायला लागतं, मग ते झाडाच्या तोंडी लागतं. शेतात हे काम करायला ढीगभर माती, गांडुळं, किडे, पाऊस सगळं असतं. आपल्या दहा इंची कुंडीत चार-पाच किलो माती, तीही बऱ्याचदा अर्धी कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तिथे हे काम फार हळू चालतं आणि चालत असताना माती गरम होते, वास येतो, चिलटं येतात, शिवाय कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी मातीतलं नत्र म्हणजे नायट्रोजन वापरून घेतात म्हणजे झाड तेवढे दिवस उलट उपाशी राहतं. हे सगळं कुंडीच्या बाहेर एका बादलीत होऊ दिलं आणि तयार झालेलं खत कुंडीत घातलं की काही त्रास नाही.

माझं झाड पिवळं पडलंय, कुठलं खत घालू?

आधी थांबा. दहातल्या सात-आठ वेळा मला जे पिवळं झाड दाखवतात त्याला पाणी जास्त झालेलं असतं, बोट घालून बघितलं तर माती चिखल, कुंडीखालचं भोक बंद, ताटलीत पाणी साठलेलं. अशा झाडाच्या मुळांना हवाच मिळत नाही, त्यात वरून खत टाकलं तर मूळकूज आणखी जोरात होते. दुसरं कारण उजेड. हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीमागे ठेवलेल्या मनी प्लांटला कितीही खत घाला, ते वाढणार नाही, कारण झाड अन्न उजेडातून करतं, खत म्हणजे नुसतं मीठमसाला.

पाणी आणि उजेड ठीक असेल तर मग पानं बघायची. खालची, जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी होत असतील आणि झाड एकूणच फिकट दिसत असेल तर नत्र कमी आहे. शेंड्याची नवीन पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्यागार, असं असेल तर लोह मिळत नाहीये, हे जास्वंद, मोगरा, गुलाब आणि लिंबाच्या झाडात फार दिसतं. पानांची टोकं करपली असतील तर बहुतेक वेळा क्षार साठलेत, म्हणजे खत जास्त झालंय किंवा पाणीच जड आहे. तेव्हा महिनाभर खत बंद करून दोन-तीनदा भरपूर साधं पाणी वरून ओतून खालून वाहू द्यायचं.

नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नक्की काय, आणि स्वयंपाकघरात ते कशात असतं?

खताच्या पिशवीवर जे तीन आकडे असतात ते हेच, नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम. ढोबळ मानानं नत्र पानांसाठी, स्फुरद मुळं आणि फुलांसाठी, पालाश एकूण ताकद, फुलं, फळं, रोग सहन करणं ह्यासाठी. चहाच्या चोथ्यात, पेंडीत, डाळीच्या टरफलात नत्र. केळ्याच्या आणि कांद्याच्या सालीत, लाकडाच्या राखेत पालाश. अंड्याच्या टरफलात ह्या तिघांपैकी काहीच म्हणण्यासारखं नाही, तिथे फक्त कॅल्शियम. म्हणून एकाच गोष्टीवर झाड वाढवायला जाऊ नका, सगळं मिळून कंपोस्ट केलं की आपोआप जेवणाचं पूर्ण ताट होतं, आमटी भात भाजी कोशिंबीर सगळं.

चहाचा चोथा थेट घालते मी, चालतं ना?

धुवून आणि वाळवून घालत असाल तर चालतं. आपला चहा म्हणजे दूध, साखर, आलं, त्यामुळे गाळणीतला चोथा तसाच कुंडीत उलटला की दोन दिवसांत मुंग्या आणि आठवड्यात पांढरी बुरशी. मी चोथा गाळणीतच नळाखाली दोन-तीनदा चोळून धुते, पाणी साफ येईपर्यंत, मग वर्तमानपत्रावर पसरून उन्हात कडकडीत वाळवते आणि डब्यात भरून ठेवते. महिन्यातून एकदा मोठ्या कुंडीला एक मूठ, लहानीला दोन चमचे, तेही वरच्या मातीत खुरपीनं मिसळून. चहात सुक्या वजनाच्या साधारण ४ टक्के नत्र असतं पण ते हळूहळू सुटतं, त्यामुळे आज घालून उद्या फरक दिसणार नाही.

गुलाबाला हा चोथा मानवतो. कोरफड, कॅक्टस, स्नेक प्लांटला नको, तो ओल धरून ठेवतो आणि ह्या झाडांना नेमकी ओलच नको असते.

कॉफीचं काय?

इन्स्टंट कॉफी पिता त्यांच्याकडे उरतंच काय, ती सगळी पोटात जाते. फिल्टर कॉफीवाल्यांनी चोथा कंपोस्टमध्ये टाकावा. कॉफीचा चोथा फार आम्ल असतो असं सगळीकडे सांगतात, पण पाणी काढून घेतलेला चोथा जवळजवळ तटस्थच असतो, आम्लता कपात उतरलेली असते. कुंडीवर जाड थर दिला की तो वाळून पापडासारखा कडक होतो आणि पाणी आत जात नाही, आणि बी पेरलेल्या ट्रेमध्ये तर अजिबात घालू नका, कॅफीनमुळे कोवळी रोपं खुरटतात.

केळ्याच्या सालीचं पाणी घातलं की फुलंच फुलं येतात म्हणे?

हा व्हिडिओ मला आठवड्याला एक तरी येतो. बरणीत पाणी, त्यात साली, तीन दिवस ठेवा, झाडाला घाला, आणि शेजारी फुलांनी लगडलेला गुलाब. सालीतला पालाश पाण्यात थोडाफार उतरतो हे खरंय. पण नत्र त्यात जवळपास नाही, स्फुरद अगदी किंचित, आणि तीन दिवसांत ते पाणी आंबून चिलटांना बोलावतं. म्हणजे ते वाईट नाही, पण फुलं येतात ती ऊन, छाटणी आणि एकूण सकस मातीमुळे.

माझी पद्धत अशी की साली कात्रीनं बोटाएवढ्या कापायच्या, ग्रीलमध्ये ताटात तीन-चार दिवस उन्हात ठेवायच्या, काळ्या कडक झाल्या की मिक्सरला भरड करायची. ही भरड जास्वंद आणि मोगऱ्याला कळ्या धरायच्या आधी दोन चमचे. पावसाळ्यात साली वाळत नाहीत, तेव्हा सरळ कंपोस्टच्या बादलीत. आख्खं साल कुंडीत पुरून ठेवू नका, दोन महिन्यांनी उकरलं तर तिथे काळा चिकट गोळा आणि त्याला लागलेल्या अळ्या सापडतात.

कांद्याच्या सालीचं पाणी?

हे मला केळ्यापेक्षा आवडतं कारण कांद्याची टरफलं कोरडी असतात, साठवता येतात, वास कमी. दोन मुठी टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून तेवढंच साधं पाणी मिसळून घालायचं. हे टॉनिक आहे, पूर्ण खत नाही. २४ तासांच्या वर ठेवू नका, आणि भांड्यावर झाकण हवंच, उघड्यावर साठवलेल्या कुठल्याही पाण्यात आठवड्याभरात डास होतात आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. फक्त झाकण घट्ट फिरवून बंद करू नका, आंबताना गॅस होतो, बाटली फुटू शकते, नुसतं अलगद ठेवा.

अंड्याची टरफलं घालू का? सगळे घालतात.

ह्याचं उत्तर तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर बार्शीचं आणि सासर चिपळूणच्या जवळचं. बार्शीला काळी माती, उकरली की त्यात पांढरे चुनखडीचे खडे निघतात, म्हणजे तिथे कॅल्शियम आधीच पोत्यानं आहे आणि माती अल्कधर्मी आहे. चिपळूणला जांभ्याची लाल माती, एवढा पाऊस की चुना कधीच धुऊन गेलाय, माती आम्ल. अंड्याचं टरफल म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट, सरळ भाषेत चुना. हा चुना आम्ल मातीतच नीट विरघळतो. त्यामुळे कोकणातल्या, गोव्यातल्या लाल मातीत टरफलांचा उपयोग होतो, आणि सोलापूर, नगर, मराठवाड्यातल्या काळ्या मातीत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात, वर त्या मातीत लोह आधीच अडकून बसलेलं असतं, त्यात अजून चुना कशाला.

आईला हे पटवायला मला दोन वर्षं लागली. तिच्या जास्वंदाची नवी पानं पिवळी पडायची, ती आणखी टरफलं घालायची. शेवटी टरफलं बंद केली, कंपोस्ट वाढवलं आणि आठवड्यातून एकदा आंबट ताकाचं पाणी सुरू केलं, तेव्हा कुठे पानं हिरवी व्हायला लागली.

घालायचीच तर धुवून, वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखी करून घाला. हातानं चुरडलेले मोठे तुकडे म्हणजे नुसती शोभा. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो तो कॅल्शियमचा प्रश्न असतो हे बरोबर, पण बऱ्याचदा मातीत कॅल्शियम असतं आणि आपण एक दिवस पाणी, दोन दिवस कोरडं असं करतो म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित द्या, डाग थांबतो की नाही बघा.

कढीपत्त्याला ताक घालतात ते खरंच काम करतं?

करतं, आपल्या आज्यांचं बरोबर होतं. आंबट ताकामुळे मुळांजवळची माती थोडी आम्ल होते आणि अडकलेलं लोह सुटं होतं, शिवाय थोडं नत्र आणि कॅल्शियमही मिळतं. एक वाटी आंबट ताक, आठ-दहा वाट्या पाणी, पंधरा दिवसांतून एकदा. मीठ, जिरं, हिंग घातलेलं मठ्ठ्याचं ताक नाही हं, साधं ताक. पनीर केल्यावर उरलेली निवळी अशीच पातळ करून चालते, पण पनीर लिंबानं फाडलं असेल तर जास्त पाणी घाला. आणि रोज नको, वास येतो, शेजारचे बोलतात.

हेच पातळ ताक गाळून पानांवर फवारलं तर भुरीवर पण उपयोग होतो, पांढरी पावडर पडल्यासारखी पानं दिसतात ती भुरी. सुरुवातीलाच फवारायचं, सगळं झाड पांढरं झाल्यावर नाही.

तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी?

रोज घाला, बिनधास्त. त्यात बरंचसं पीठच असतं, थोडा स्फुरद-पालाश असतो, आणि मुख्य म्हणजे पाणी वाया जात नाही. त्याच दिवशी वापरायचं आणि रोज त्याच एका कुंडीला नको, पाळी लावा. भाताची पेज मीठ नसेल तर गार करून, चांगली पातळ करून कधीतरी.

बटाटे, अंडी, पास्ता उकडलेलं पाणी?

मीठ घातलं असेल तर सिंकमध्ये. नसेल तर गार करून चालतं.

मासे धुतलेलं पाणी माडाला घालतात, कुंडीला घालू का?

सासरी परसात माडाला आणि केळीला हेच पाणी जातं आणि ती झाडं बघण्यासारखी आहेत. पण ते परस आहे, तिथे जमीन आहे. फ्लॅटच्या गॅलरीत घातलंत तर मांजरं कुंडी उकरतील आणि दोन दिवस खिडकी उघडता येणार नाही. घरात फिश टँक असेल तर त्याचं बदललेलं पाणी मात्र सोनं आहे, माशांच्या विष्ठेतलं नत्र त्यात आधीच झाडाला घेता येईल अशा रूपात आलेलं असतं. गोड्या पाण्याचा टँक हवा, आणि त्यात औषध घातलेलं नसावं.

तुळशीला पूजेचं दूध-पाणी, हळदकुंकू रोज पडतं, त्यानं ती जाते का?

जाऊ शकते, आणि हे खूप घरांत होतं. तुळस गेली की मनाला लागतं म्हणून सांगते. चमचाभर दूध पाण्यात मिसळून घातलं तर काही होत नाही. रोज पळीभर निव्वळ दूध पडलं की माती आंबते, मुंग्या लागतात. हळदकुंकू मातीवर साठत जातं, वरचा थर घट्ट होतो, आणि बाजारच्या कुंकवात रंग असतात. आम्ही हळदकुंकू वृंदावनाच्या कोनाड्याला वाहतो, मातीवर नाही. उदबत्तीची राख चिमूटभर चालेल पण उदबत्ती मातीत खोचू नका, मुळं भाजतात. बाकी तुळशीला खत फार लागत नाही, महिन्यातून मूठभर गांडूळखत, आणि मंजिऱ्या वेळेवर खुडायच्या, कारण बी धरलं की ती म्हातारी होते.

निर्माल्याचं काय करायचं?

निर्माल्यासारखं कंपोस्ट कशाचंच होत नाही. झेंडू, शेवंती, दूर्वा, जास्वंद, तुळशीची पानं, सगळं पटापट कुजतं. आधी दोरा, जरीचे धागे, प्लास्टिकची फुलं, तेलाच्या वाती काढून टाका. बेलाची पानं जरा वेळ घेतात, ती चुरडून टाका. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या मजल्यावरच्या चार घरांचं निर्माल्य मी मागून घेते, दिवाळीनंतर जी शेवंती फुलते तिला तेच खत असतं.

शाडूचा गणपती बादलीत विसर्जन केला, ती माती कुंड्यांत घातली तर?

श्रद्धेनं सगळे घालतात आणि घालावीच, फक्त थोडी थोडी, सगळ्या कुंड्यांत वाटून. शाडू म्हणजे अगदी बारीक चिकणमाती, तिच्यात झाडासाठी खाद्य जवळजवळ नाही आणि एकाच कुंडीत जास्त झाली की सिमेंटसारखी बसते, पाणी मुरतच नाही. एक वाटी शाडूला चार-पाच वाट्या कंपोस्ट-कोकोपीट असं मिसळा. नाहीतर पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी वाळवून ठेवा, ते सगळ्यात छान.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीचं पाणी तसंच्या तसं कुंडीत ओतू नका. पुण्याच्या एनसीएलमध्ये म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी एक पद्धत काढली, अमोनियम बायकार्बोनेटच्या म्हणजे बेकरीत वापरतात त्या पावडरच्या पाण्यात मूर्ती विरघळवायची, खाली खडूसारखा चुना बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे खतच आहे. पुणे महापालिकेनं ती पावडर लोकांना वाटलीही. ते पाणी भरपूर पातळ करूनच घालायचं, आणि मूर्ती रंगवलेली असते हे लक्षात घेऊन खायच्या भाज्यांना मी तरी घालणार नाही.

चुलीची, होळीची राख?

शुद्ध लाकडाची किंवा गोवरीची असेल तर पालाश आणि चुना दोन्ही त्यात आहे. राख अल्कधर्मी असते, म्हणून कोकणच्या मातीत चिमूट-दोन चिमूट बरी, देशावरच्या काळ्या मातीत नकोच. अनंताला तर कुठेच नको. रंगीत कागद, प्लायवूड, कोळसा जळालेली राख कुंडीत येऊ देऊ नका. आणि राख आणि ताजं शेण एकत्र करू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

पेंड कशी वापरायची?

इथे मी माझा मोगरा घालवला आहे म्हणून काळजीनं वाचा. मोहरीची पेंड आणली, चांगली असते म्हणून वाटीभर सुकीच कुंडीत मिसळली, वर पाणी घातलं. चार दिवसांत पानं गळाली, आठव्या दिवशी झाड गेलं. पेंडीत नत्र भरपूर, ती कुजताना माती इतकी तापते आणि इतका अमोनिया सुटतो की मुळं जळतात. पाच वर्षांचा मोगरा होता, सासूबाईंनी चिपळूणहून फांदी आणून लावलेला.

आता असं करते: मूठभर शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड दोन लिटर पाण्यात भिजवायची, झाकण अलगद, रोज काठीनं ढवळायचं, चार-पाच दिवसांनी गाळून त्याच्या दहापट पाणी मिसळायचं. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. महिन्यातून एकदा, आणि आदल्या दिवशी कुंडीला साधं पाणी दिलेलं असावं, कोरड्या मुळांवर कुठलंच खत नको. वास येतो, तो एक दिवस सहन करायचा. निंबोळी पेंड वेगळी, ती सौम्य आहे, माती भरतानाच दहा इंची कुंडीला एक मूठ मिसळली की मुळाच्या किडींवरही उपयोग होतो.

घरात कुत्रा असेल तर एरंडीची पेंड आणूच नका. तिच्यात विष असतं आणि कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ते उकरून खातात. ह्यात जीव जाऊ शकतो.

जीवामृत फ्लॅटमध्ये करता येतं का?

येतं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण एका एकरासाठी आहे, २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. शंभरानं भागा: २ लिटर पाणी, १०० ग्रॅम शेण, ५० ते १०० मिली गोमूत्र, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम बेसन, चिमूटभर जुन्या झाडाखालची माती. सावलीत, कापडानं तोंड बांधून दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. मग गाळून दहापट पाण्यात मिसळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. शेण देशी गायीचं मिळालं तर बघा, नाहीतर तबेल्यातलं ताजं आणा. जीवामृतात स्वतःचं अन्न थोडंच असतं, ते मातीतले जीव वाढवायला असतं, त्यामुळे ज्या कुंडीत कंपोस्टच नाही तिथे त्याला करण्यासारखं काम नसतं.

मग कंपोस्ट घरात करायचं कसं, वास न येता?

वीस लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, बुडाला आणि बाजूला तापलेल्या सळईनं पंधरा-वीस भोकं, खाली ताटली. तळाला चार बोटं सुकी पानं. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून, आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर जेवढा ओला त्याच्या निदान तेवढा, खरं तर दुप्पट सुका पाला किंवा कोकोपीट. हेच सगळं गुपित आहे. वास येतो तो फक्त ओलं जास्त झाल्यामुळे, आत हवा शिरत नाही म्हणून. वास आला, पाणी सुटलं, अळ्या झाल्या, तिन्हीवर औषध एकच: सुकी पानं घाला आणि खालवर करा.

सुकी पानं कुठून आणायची? आमच्या सोसायटीत बदाम आणि जांभळाचं झाड आहे, झाडणारे काका पानं गोळा करून जाळायचे, आता माझ्यासाठी गोणी भरून ठेवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीला वर्षभराची साठवून ठेवा.

सुरुवातीला वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडा, किंवा कोणाकडचं तयार कंपोस्ट दोन मुठी विरजण म्हणून घाला. शिजवलेलं, तेलकट, खारट अन्न, मटण-मासे, दूध नको. लिंबू-संत्र्याची सालं थोडी चालतात. आंब्याच्या कोया आणि नारळाच्या करवंट्या वर्षभरात कुजणार नाहीत, त्या वेगळ्या. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामच करतेय. बादली भरली की दुसरी सुरू करायची आणि पहिली दीड-दोन महिने तशीच ठेवायची, पावसाळ्यात तीनही लागतात. काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास, हाताला गरम लागत नाही, म्हणजे झालं तयार. चाळून घ्या, जाड राहिलेलं पुढच्या बादलीत.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर ह्याच पद्धतीनं, रोजच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर, फळझाडं आणि भाज्यांची अख्खी बाग उभी राहिली होती. आपली तर एक बादली.

बायोएन्झाइम खत आहे का?

एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. फरशी पुसायला, बेसिन साफ करायला फार छान. ते खूप आम्ल असतं, झाडाला घालायचंच तर लिटरभर पाण्यात एक-दोन मिली. मी ते खत धरत नाही.

एसीचं आणि आरओचं पाणी?

एसीचं पाणी चांगलं, त्यात क्षार नसतातच, साठवून घाला. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात मात्र सगळे क्षार एकवटलेले असतात, रोज तेच घातलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि टोकं करपतात. ते लादी पुसायला घ्या.

किती आणि कधी घालायचं?

दहा इंची कुंडीला महिना-दीड महिन्यानं दोन मुठी कंपोस्ट, वरची दोन बोटं माती उकरून, खोडाला चिकटून नाही, कडेकडेनं. पातळ खतं पंधरा दिवसांतून एकदा पुष्कळ झाली, आणि ताक, पेंड, जीवामृत असं सगळं एकाच आठवड्यात नको. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला वर्षातून दोन-तीनदाच.

मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत छाटणी आणि फेब्रुवारीत भरपूर खत, म्हणजे मार्चपासून फुलं. गुलाबाला पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. शेवंतीला श्रावण-भाद्रपदात. जास्वंद बाराही महिने खाते. मुसळधार पावसात उघड्यावरच्या कुंडीत खत घालू नका, खालून वाहून जातं. विदर्भातला मे महिना असेल, पारा ४५ ला टेकलेला, तेव्हा फक्त पाणी, सावली आणि मातीवर सुक्या पानांचं आच्छादन. आजारी झाडाला, नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला तीन-चार आठवडे काहीच नको. नर्सरीतून नवीन आणलेल्यालाही नको, त्याला आधी तुमच्या घरची हवा लागू दे.

घालतेय सगळं, पण आता मातीतून बारीक माश्या उडतात.

वर कच्चं काहीतरी घातलंय आणि माती सतत ओली आहे. वरचा थर काढून बादलीत टाका, चार दिवस पाणी थांबवा, वरची एक-दोन इंच माती खडखडीत वाळू द्या, मग अर्धा इंच जाडी वाळू पसरा. कुंडी लहान असेल तर ताटलीत पाणी ठेवून खालून पाणी द्या म्हणजे वर कोरडं राहतं. अळ्या त्या ओल्या थरातच जगतात, तो वाळला की पंधरा दिवसांत माश्या दिसेनाशा होतात.

फरक दिसायला किती दिवस?

पातळ खतानं आठ-दहा दिवसांत नव्या फुटव्याचा रंग बदलतो. कंपोस्टचा परिणाम महिन्या-दोन महिन्यांनी, पण तो टिकतो. पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होण्याची वाट बघू नका, ते होत नाही, नवीन येणारं पान बघा. मोगऱ्याची सासूबाईंकडून परत फांदी आणली होती, पहिलं वर्ष नुसती पानंच, दुसऱ्या फेब्रुवारीत दोन मुठी कंपोस्ट आणि चमचाभर सालीची भरड घातली, एप्रिलमध्ये एका सकाळी सतरा फुलं निघाली.